पुस्तकात दोन ओळी, पडद्यावर आख्खा प्रसंग: फँटसी सिनेमांतले तुमचे आवडते सीन सांगा

राकसकोप्पकर:

पुस्तक वाचलेलं असलं की सिनेमा सुटल्यावर थिएटरचा जिना उतरताना आपण सगळे एकच वाक्य म्हणतो: पुस्तकात जास्त भारी होतं. असेल. तो वाद या धाग्यावर नको. इथं आख्ख्या सिनेमाचा निकाल लावायचा नाही. फँटसी कादंबरीवरच्या सिनेमातला एकच प्रसंग घ्यायचा, जो पुस्तकात ओझरता होता किंवा नव्हताच, पण पडद्यावर त्यानं तुम्हाला धरून ठेवलं. मूळ पुस्तकात काय होतं तेही लिहा. नुसतं 'कडक सीन' टाकून पळणाऱ्यांना कुंदा मिळणार नाही.

सुरुवात मी करतो. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वरचा 'द रिटर्न ऑफ द किंग', २००३, दिग्दर्शक पीटर जॅक्सन. डोंगरमाथ्यांवरचे इशाऱ्याचे जाळ.

शत्रू दारात आलाय आणि गोंडोरचा कारभारी डेनेथॉर शेजारच्या रोहनकडे मदत मागायला तयार नाही. मग मांत्रिक गॅन्डाल्फ छोट्या पिपिनला पहारेकऱ्यांची नजर चुकवून वर चढायला लावतो. पिपिन पोचतो, दिव्यातलं तेल ओततो, लाकडं भडकतात आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की आपण त्याच ढिगावर उभे आहोत. थिएटरात हशा. तो हशा विरतो कारण लांबच्या शिखरावर दुसरा ठिपका पेटतो. मग तिसरा. बर्फातून, ढगांवरून, रात्रीतून, उजाडल्यावरसुद्धा. नुसतं हॉवर्ड शोरचं संगीत आणि न्यूझीलंडचे डोंगर. शेवटी ॲरॅगॉर्न धावत रोहनचा राजा थेओडेन याच्या दरबारात शिरतो आणि गोंडोरनं हाक दिलीय म्हणून सांगतो. थेओडेनच्या मनात गोंडोरबद्दल अढी आहे, आपल्या वेळेला ते आले नाहीत म्हणून. सगळा दरबार त्याच्या तोंडाकडे बघतो. तो लगेच बोलत नाही. ती जी काही सेकंदं आहेत ना, त्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा लावतो.

पुस्तकात काय आहे? गॅन्डाल्फ आणि पिपिन रात्री घोड्यावरून गोंडोरच्या राजधानीकडे, मिनास तिरिथकडे दौडताहेत, पिपिनला लांबवर जाळ दिसतात, गॅन्डाल्फ त्याला एकेका डोंगराचं नाव सांगतो. झालं. जाळ लावायला डेनेथॉरनंच सांगितलेलं असतं, आणि रोहनला मदतीचा सांगावा येतो तो हिरगॉन नावाच्या जासुदाकडून, लाल बाणासोबत. टॉल्किननं आधीच होऊन गेलेली म्हणून सांगितलेली गोष्ट जॅक्सननं आपल्या डोळ्यांदेखत घडवली. शिवाय ही दोन राज्यं एकमेकांपासून किती लांब आहेत ते नकाशा न दाखवता कळलं.

येळ्ळूरचा_वाटाड्या:

+१. आणि आपल्याकडं हे करून बघायचं म्हटलं तर? समजा राजहंसगडावर आपण जाळ केला. पुढचा महिपाळगडावर करायचा, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. दोन्हीकडच्या परवानग्यांचे कागद येईपर्यंत तिकडं मिनास तिरिथ पडून नवीन वसाहत पण झाली असणार. (हलके घ्या.)

टिळकवाडीची_मनी:

डेनेथॉर निघालाच आहे तर त्याच सिनेमातला दुसरा प्रसंग. तो जेवतोय आणि पिपिन गातोय.

बापानं धाकट्या मुलाला, फारामीरला, हातचं गेलेलं ऑस्गिलिआथ शहर परत घ्यायला पाठवलंय. मूठभर घोडेस्वार, समोर धनुष्यं ताणून बसलेले ऑर्क, म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक. इकडं रिकाम्या दगडी दालनात हा एकटा जेवायला बसलाय आणि पिपिनला म्हणतो, गाणं म्हण. पिपिन गातो, साथ नाही काही नाही. कॅमेरा म्हाताऱ्याच्या तोंडापाशी जातो. छोटे टोमॅटो तो दाताखाली फोडतो, लाल रस हनुवटीवर ओघळतो, कोंबडीचं हाड मोडल्याचा आवाज येतो. तिकडं घोडे दौडताहेत. बाण सुटतात, आणि सिनेमा आपल्याला बाण लागलेला दाखवतच नाही. दाखवतो परत ते तोंड. पूर्ण युद्धपटात रक्ताचा थेंब नसलेला हा एवढाच वेळ असेल, आणि तोच बघवत नाही.

गाण्याची चाल पिपिनचं काम करणाऱ्या बिली बॉयडनंच बांधली. शब्द टॉल्किनचेच आहेत, पण पहिल्या खंडातल्या वाटचालीच्या गाण्यातले. पुस्तकात डेनेथॉर पिपिनला 'गाता येतं का' एवढं विचारतो, पण प्रत्यक्ष गाणं काही होत नाही. त्या एका प्रश्नातून पटकथावाल्यांनी हे सगळं काढलं.

माझी तक्रार मात्र आहे. पुस्तकातला डेनेथॉर हा खरोखर मोठा माणूस आहे. गर्विष्ठ आहे, पलांतीरमध्ये, म्हणजे लांबचं दाखवणाऱ्या जादूच्या गोळ्यात, बघून बघून आतून मोडलेला आहे, पण मूर्ख नाही. सिनेमानं त्याला खादाड वेडा करून टाकला. प्रसंग जिंकला, पात्र हरलं.

राकसकोप्पकर:

मनीताई, शेवटच्या वाक्याला अनुमोदन. जाळाच्या प्रसंगातसुद्धा किंमत त्यानंच मोजली. पिपिननं चोरून जाळ लावायला हवा तर कारभारी हेकट पाहिजेच.

अंकलीकर:

मी पुस्तक नंतर वाचलो, सिनेमा आधी. त्यामुळं माझं मत कच्चं म्हणा पाहिजे तर. खरं, घोड्यांचा विषय आला की मी गप्प बसणार नाही.

आमच्या अंकलीतनं ज्येष्ठात शितोळे सरकारांच्या वाड्यातून माऊलींचे अश्व आळंदीला निघतात. लहानपणापासून ते बघत वाढलोय, वारीतलं रिंगणही बघितलंय. एक घोडा स्वाराचा, हातात पताका. दुसरा माऊलींचा, त्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. रिंगणात ते धावायला लागले की आधी टापा पोटात ऐकू येतात, कानात मागून. त्यामुळं सिनेमात घोडे खोटे असले की मला पहिल्यांदा तेच दिसतं.

मिनास तिरिथसमोरच्या पेलेनॉरच्या मैदानावर रोहनचे घोडेस्वार येतात तिथं मला खोटं दिसलं नाही. उजाडतंय, थेओडेन रांगेपुढून घोडा दौडवतो आणि प्रत्येकाच्या भाल्याला आपली तलवार लावत जातो, टक टक टक. मग ओरडा, मग शिंगं, मग सगळी रांग आधी चालीवर, मग दुडकीवर, मग भरधाव. एकदम भरधाव नाही! घोड्यावर बसलेल्याला हे लगेच कळतं. नंतर वाचलं की न्यूझीलंडमधल्या घोडेवाल्यांना आपापले घोडे घेऊन बोलावलं होतं, आणि त्यात बऱ्याच बायका होत्या, खोट्या दाढ्या लावून. बाकीची गर्दी संगणकावर वाढवली, त्यासाठी 'मॅसिव्ह' नावाचं सॉफ्टवेअर मुद्दाम याच सिनेमांसाठी तयार केलं होतं. पण पुढच्या रांगेतली माती खरी आहे बघा.

खानापुरी_जंगली:

अंकलीकर मामा, नाद खुळा लिहिलाय. पुस्तकात थेओडेन शिंग फुंकतो ते इतक्या जोरात की शिंग फुटूनच जातंय. ते जॅक्सननं का सोडलं देव जाणे.

आणि ते 'मरण, मरण' म्हणून ओरडायचं पुस्तकात हल्ल्याच्या आधी नाहीच. थेओडेन पडल्यावर, बहीण मेली असं समजून त्याचा भाचा एओमेर बेभान होतोय, तवा सगळी फौज ते ओरडतीया. सिनेमानं ते उचलून आधी ठेवलं. जोर आला, खरं अर्थ बदलला. पुस्तकात ती माणसं दुःखानं ओरडूलाल्यात, सिनेमात आवेशानं.

माझं खरं दुखणं मात्र वेगळंच हाय. कोंबडा कुठाय?

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहराचा दरवाजा फुटलाय, शत्रूच्या फौजेचा म्होरक्या काळा सरदार आत आलाय, समोर एकटा गॅन्डाल्फ. आता काय होणार म्हणून आपण श्वास धरून बसतोय, आणि तेवढ्यात शहरातल्या कुठल्यातरी परसात एक कोंबडा आरवतोय. त्याला जादू ठाऊक नाही, लढाई ठाऊक नाही, उजाडलं की आरवायचं एवढंच ठाऊक. आणि त्याला उत्तर म्हणून लांबून रोहनची शिंगं वाजत्यात. आमच्या खेड्यात असलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतंय ते सांगता येत नाही. एवढे कोटी घातले, एक कोंबडा परवडला नाही होय?

टिळकवाडीची_मनी:

लांबच्या आवृत्तीत तो सामना आहे की. पण तिथं काळा सरदार गॅन्डाल्फची काठीच मोडतो, आणि ते बघून पुस्तकवाले आणखीनच खवळले. कोंबडा तिथंही नाहीच.

शहापूरचा_मागवाला:

टॉल्किनवाल्यांनी धागा ताब्यात घेतलेला आहे असं दिसतं. हॅरी पॉटरवाले कुणी आहेत की नाही? मी मराठीतल्या पहिल्या भागापासून, 'परीस' पासून, वाचलेला माणूस. माझा प्रसंग: 'डेथली हॅलोज' पहिला भाग, २०१०, तीन भावांची गोष्ट.

हर्मायनी पुस्तकातून मोठ्यानं वाचते आणि सिनेमा अचानक सावल्यांचा होतो. बेन हिबॉन यांनी तो तुकडा दिग्दर्शित केलाय. लांब लांब हातापायाच्या काळ्या आकृत्या, पिवळट मातकट उजेड, नदीवरचा पूल, आणि तिघांना तीन वस्तू वाटणारा मृत्यू. पुस्तकात हीच गोष्ट हर्मायनी वाचते, मधे रॉन नाक खुपसतो की आमची आई मध्यरात्र म्हणायची. सिनेमानं तेही ठेवलंय. पण पुस्तकात आपण ती जिथं वाचते त्या लव्हगुडच्या घरातच असतो. सिनेमात आपण गोष्टीच्या आत जातो.

हे बघून मला पिंगुळी आठवलं. कुडाळजवळचं ते. तिथल्या ठाकर लोकांनी चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ टिकवून ठेवलाय, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ती त्याच कामासाठी. आपल्या कर्नाटकात तोगलु गोंबेयाट तसाच. पडद्यामागं दिवा, कातड्याला भोकं पाडून केलेले दागिने, आणि राक्षस दिव्याजवळ नेला की पडद्यावर मोठा होतो. हिबॉनच्या तुकड्यात मृत्यू वाकतो तेव्हा नेमकं तेच होतं. संगणकावर केलंय, पण सावलीचे नियम पाळलेत. सावल्यांच्या सिनेमाची ही वाट जुनीच आहे म्हणा. लोटे रायनिगर या जर्मन बाईंनी १९२६ मध्ये कात्रीनं कापलेल्या आकृत्यांचा आख्खा सिनेमा काढला होता.

माझ्या मते आठ सिनेमांत एवढीच एक जागा अशी आहे जिथं दिग्दर्शकानं 'हे पुस्तक आहे' ही गोष्ट लपवली नाही.

कॅम्पातली_श्री:

शहापूरकर, त्याच सिनेमाची सुरुवात कशी विसरलात? हर्मायनी आईवडिलांची आठवण पुसते ती.

पुस्तकात हे ती हॅरीला नंतर सांगते, थोडक्यात. आईबाबांच्या आठवणी बदलल्या, नवीन नावं दिली, ऑस्ट्रेलियाला पाठवलं. वाचताना मी पुढं सरकले होते, खरं सांगते. सिनेमात ती वरच्या खोलीत उभी आहे, खालून आई चहाला हाक मारते. ती उतरते. आईबाबा सोफ्यावर टीव्ही बघत पाठमोरे बसलेत. ती मागून कांडी उचलते. आणि भिंतीवरच्या, कपाटावरच्या फोटोंतून ती एकेक करून नाहीशी होते. फोटो तसाच, बाग तशीच, मुलगी तेवढी नाही. मग ती दार ओढून रस्त्याला लागते, मागं वळून बघत नाही.

रडारड नाही, मिठी नाही. आपल्याकडच्या सिनेमात इथं गाणं आलं असतं.

शहापूरचा_मागवाला:

हो की! श्रीताई, तुमचा प्रसंग माझ्यापेक्षा सरस. त्यातच आणखी एक टाका: तंबूतला नाच. रॉन रुसून निघून गेलाय, रेडिओवर निक केव्हचं गाणं लागतं आणि हॅरी हर्मायनीला नाचायला ओढतो. पुस्तकात औषधालाही नाही. त्यावर नेटवर अजून भांडणं चालतात.

चोर्ला_घाट:

मला तो नाच आवडत नाही. त्यांचं ते वय, ती भीती, सगळं पुस्तकात शांतपणे येतं. सिनेमाला शांतपणाचं वावडं आहे. २००५ चा 'गॉब्लेट ऑफ फायर' बघा. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की डंबलडोरनं हॅरीला शांतपणे विचारलं, स्पर्धेच्या कपात नाव तू टाकलंस का. सिनेमातले डंबलडोर धावत येऊन त्याला धरून हलवतात. हेडमास्तर आहेत की बसस्टँडवरचे कंडक्टर?

आणि डंबलडोरांचा अंत्यविधी कापला त्याची माफी नाही. तळ्याकाठी जमलेले लोक, पाण्यातून गाणारी जलमाणसं, सेंटॉरांचे बाण, पांढरी समाधी. २००९ च्या सिनेमात यातलं काही नाही.

कॅम्पातली_श्री:

त्याच्या बदल्यात कांड्या आहेत. आकाशात ती कवटीची खूण, खाली पडलेले डंबलडोर, आणि मॅकगोनागल बाई आणि मुलं आपापल्या कांड्यांच्या टोकाला उजेड करून वर धरतात. खूण हळूहळू विरते. कुणी भाषण करत नाही. चोर्लादादा, तुम्हाला शांतपणा हवा होता ना, मग हा घ्या की!

चोर्ला_घाट:

बरं, हा दिला. तरी समाधी पाहिजे होती.

निपाणीकर_मास्तर:

तुम्ही पोरं सगळी २००० नंतरची. मी तुम्हाला १९३९ ला नेतो. 'द विझर्ड ऑफ ऑझ'. मूळ पुस्तक एल. फ्रँक बॉम यांचं, १९०० सालचं.

वादळानं घर उडवून आणलंय, आदळलंय. डोरोथी दाराकडे जाते. आतापर्यंत सगळं मातकट तपकिरी. ती दार उघडते आणि बाहेर रंग! आता गंमत ऐका. हे एकाच शॉटमध्ये आहे, दाराच्या आत तपकिरी आणि बाहेर रंगीत. कसं केलं? रंगीत फिल्मवरच. घराचा आतला भाग तपकिरी रंगवला, दार उघडणाऱ्या मुलीला तपकिरी झगा घातला. ती मुलगी ज्युडी गारलंड नव्हेच, तिची बदली कलाकार. ती कडेला होते, कॅमेरा पुढं जातो, आणि निळ्या चौकड्यांच्या झग्यातली खरी ज्युडी चौकटीत येते. संगणक नाही, काही नाही. रंगाचा डबा आणि दोन मुली.

काहींना वाटतं ही रंगाची कल्पना सिनेमाची. तसं नाही. बॉम यांनी पहिल्याच प्रकरणात कॅन्सस सगळं करड्या रंगानं भरून टाकलंय. माळ करडा, घर करडं, मावशीचे डोळेही करडे. सिनेमानं ते वाक्य वाचून त्याचं यंत्रात रूपांतर केलं. माझ्या मते रूपांतर असं करावं. उलट जोडे बघा. पुस्तकात चांदीचे, सिनेमात माणकाचे लाल, कारण रंगीत फिल्मवर लाल उठून दिसतो. तोही शहाणपणाच, पण धंद्याचा.

खानापुरी_जंगली:

मास्तर, तुम्ही वर्गात असं शिकवला असता तर आम्ही बाकावरनं उठलो नसतो बघा.

कडोली_एक्सप्रेस:

'हाऊल्स मूव्हिंग कॅसल' कुणीच घेतला नाही? मियाझाकी, २००४. मूळ कादंबरी डायना विन जोन्स यांची, १९८६. सोफी गर्दीच्या बोळात शिपायांच्या तावडीत सापडलीय, हाऊल येतो, तिचा हात धरतो आणि दोघं थेट घरांच्या वरून, हवेत चालायला लागतात. उडत नाहीत. चालतात. तो तिला सांगतो पाय टाकत राहा, आणि ती बिचारी खरंच एकेक पाऊल टाकते. खाली चौकात लोक नाचताहेत. पुस्तकात हे नाही.

पण पुस्तकातलं काय गेलं तेही सांगते. मूळ हाऊल हा वेल्समधला आहे. जादूच्या दाराचा एक रंग लावला की थेट वेल्स, तिथं त्याची बहीण त्याला कामधंदा नाही म्हणून झापते! एवढा मोठा मांत्रिक आणि घरी किंमत शून्य. सिनेमानं ते पूर्ण काढलं आणि त्या जागी युद्ध घातलं. युद्ध देखणं आहे, पण मला बहीण हवी होती.

येळ्ळूरचा_वाटाड्या:

आपल्याकडचं काही? 'तुंबाड' चालेल काय? आजीचा प्रसंग आठवला तरी अंगावर काटा येतोय.

टिळकवाडीची_मनी:

२०१८ चा 'तुंबाड' कादंबरीवर नाही. त्याला नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे, आणि नाव तेवढं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' वरून आलंय, तिची कथा पूर्ण वेगळी. धाग्याच्या नियमात बसत नाही, पण आजी बसते. राकसकोप्पदादा काय म्हणतात?

राकसकोप्पकर:

आजीला नाही म्हणायची माझी छाती नाही. पण तुंबाडचा वेगळा धागा काढूया, नाहीतर इथं नुसती पावसाची आणि सोन्याची चर्चा होईल.

अवांतर: मराठीत आणि कन्नडमध्येही अद्भुत कादंबरीवर सिनेमा म्हटलं की बोटं मोडायला सुरुवात करण्याआधीच यादी संपते. नाथमाधवांची 'वीरधवल' वाचलेले इथं बरेच असणार. त्यावर आज कुणी हात घालेल का?

अंकलीकर:

घातला तर घोडे मी देतो.

खानापुरी_जंगली:

परत टॉल्किनवर येतो, रागावू नका. एओमेरची बहीण एओविन आणि काळा सरदार. कुणी पुरुष मला मारू शकत नाही म्हणतोय तो, आणि ही शिरस्त्राण काढून सांगतीया मी पुरुष नव्हे. थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. खरं, पुस्तकात आपल्याला ठाऊकच नसतंय की ती एओविन हाय. डर्नहेल्म नावाचा कोवळा शिपाई पिपिनच्या दोस्ताला, मेरीला, घोड्यावर घेतोय, एवढंच ठाऊक. शिरस्त्राण निघतंय तवा मेरीबरोबर आपण पण दचकतोय. सिनेमात पहिल्यापासून तिचं तोंड दिसतंय. मजा अर्धी गेली की नाही?

टिळकवाडीची_मनी:

गेली, पण पडद्यावर ते लपवणार कसं? ओळखीची नटी, तिचे डोळे दिसणारच. लपवायचा प्रयत्न केला असता तर प्रेक्षकांनी आधीच ओळखून कंटाळा केला असता. त्यापेक्षा जॅक्सननं तिची भीती दाखवली. स्वारी निघताना ती मेरीला धीर देते, आणि आपल्याला दिसतं की धीर तिलाच हवाय. पुस्तकातली एओविन काळ्या सरदारासमोर हसते. सिनेमातली थरथरते. मला थरथरणारी जवळची वाटते.

चोर्ला_घाट:

या प्रसंगात आणखी एक गोष्ट हरवली आणि तिचा गुन्हेगार आहे पुस्तकातल्या टॉम बॉम्बाडिल या पात्राला सिनेमातून कापणारा. मेरी मागून गुडघ्यात खुपसतो ते पातं साधंसुधं नाही. बॉम्बाडिलनं थडग्यातून काढून हॉबिटांना, म्हणजे मेरी-पिपिनसारख्या बुटक्या लोकांना, दिलेलं, जुन्या काळी याच काळ्या सरदाराशी लढणाऱ्या लोकांनी घडवलेलं. त्या घावानंच त्याच्या अंगावरची जादू सुटते, म्हणून एओविनचा वार बसतो. सिनेमात बॉम्बाडिल नाही, थडगं नाही, तलवारी ॲरॅगॉर्न वाटेत वाटून टाकतो. मग मेरीचा वार म्हणजे नुसता मदतीचा हात. बॉम्बाडिल गाणी म्हणतो म्हणून सगळे त्याला हसतात, पण हा एवढा मोठा धागा त्याच्या हातातून सुटतो.

राकसकोप्पकर:

हे मी असं जोडून कधी पाहिलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

कॅम्पातली_श्री:

एक विचारायचं होतं. माझी लेक आठ वर्षांची आहे, तिच्याबरोबर 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' बघायचा बेत आहे. १९८४ चा. लहानपणी तो दलदलीतला घोडा बघून मी रात्रभर जागी होते म्हणतात घरचे. दाखवू का?

निपाणीकर_मास्तर:

मिशाएल एंडे यांचं पुस्तक १९७९ चं. सिनेमा त्याच्या जेमतेम पहिल्या अर्ध्यावर आहे, आणि लेखकानं स्वतःच त्या सिनेमाशी फारकत घेतली होती. पण घोड्याचा प्रसंग सिनेमाचा जमलाय, इतका की जमायला नको होता. अर्टॅक्स हा घोडा खचत जातो, त्याचा स्वार आत्रेयू लगाम ओढतो, विनवतो, रागावतो, आणि घोडा नुसता उभा. पुस्तकात घोडा बोलतो! तो स्वतःच सांगतो की मला आता पुढं यावंसं वाटत नाही, तू जा. दुःख तेच, पण तिथं निरोप घेता येतो. मुक्या जनावराला समजावता येत नाही, म्हणून पडद्यावर जास्त लागतं.

अंकलीकर:

चित्रीकरणात तो घोडा खरंच मेला म्हणून लोक सांगतात ती अफवा आहे. लेकीला ते आधीच सांगा.

कॅम्पातली_श्री:

सांगते, मामा. मास्तर, मग आधी पुस्तक वाचून दाखवू म्हणता?

निपाणीकर_मास्तर:

आधी पुस्तक, निदान दलदलीपर्यंतचं. सिनेमा रविवारी सकाळी लावा, रात्री नको. आणि दलदल येण्याआधी हातात काहीतरी खायला द्या, म्हणजे तुम्हाला पण आधार होईल.